हवेचा कॉम्प्रेसर : सुरक्षित वापर आणि साठवण



पूर्व विदर्भातील धान पट्ट्यात ट्रॅक्टर, पॉवर टिलर आणि मळणी यंत्र आता गावोगावी दिसतात. सावली, सिंदेवाही, मूल या तालुक्यांत आणि वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्ह्यात चिखलणीचे दिवस मोजकेच असतात. आसोलामेंढा तलावाचे किंवा बोडीचे पाणी बांधीत आले, पऱ्हे रोवणीला आले आणि नेमके त्याच दिवशी ट्रॅक्टरचे चाक बसले, तर चाक काढून रस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत नेण्यात अर्धा दिवस जातो. जंगलाला लागून असलेल्या शेतात वाघाच्या भीतीमुळे संध्याकाळी उशिरापर्यंत थांबणेही धोक्याचे असते. त्यामुळे अनेक शेतकऱ्यांनी व बचत गटांनी हवेचा लहान कॉम्प्रेसर घरीच घेऊन ठेवला आहे. टायरमध्ये हवा भरणे, रेडिएटर व एअर फिल्टर साफ करणे, फवारणी पंपाचे तुंबलेले नोझल मोकळे करणे अशी कामे त्यावर चटकन होतात.

हे यंत्र दिसायला साधे आहे. त्याला पाते नाही, दाते नाहीत, जाळ नाही. म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होते. मळणी यंत्र बंद केले की त्याचा धोका संपतो. कॉम्प्रेसरचे तसे नाही. बटण बंद केल्यावरही टाकीत दाब कायम राहतो, आणि टाकीच्या तळाशी साठलेले पाणी पत्रा आतून खात राहते. तेव्हा एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : मोटर बंद झाली म्हणजे काम संपले नाही, टाकी रिकामी झाली म्हणजे काम संपले.

टाकीत किती जोर साठतो

शेतावर वापरण्यात येणाऱ्या लहान कॉम्प्रेसरची टाकी साधारण २५ ते ५० लिटरची असते आणि तीत चौरस सेंटिमीटरला ८ किलोपर्यंत दाब भरला जातो. आपण बोलताना ज्याला 'पौंड' म्हणतो त्या मापात हा दाब सुमारे ११४ पौंड होतो. समजा टाकीचा व्यास ३० सेंटिमीटर आहे. तिच्या एका टोकाच्या झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस सेंटिमीटर भरते. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ८ किलो याप्रमाणे त्या एका झाकणावर ५,६०० किलोहून अधिक जोर आतून रेटा देत असतो. हा सगळा जोर काही मिलिमीटर जाडीचा पत्रा आणि वेल्डिंगचा सांधा यांनी तोलून धरलेला असतो.

दुसरा हिशोब असा. ५० लिटरच्या भरलेल्या टाकीतील हवा एकदम सुटली तर तिची शक्ती ढोबळमानाने धानाचे ५० किलोचे पोते १०० मीटर उंच फेकण्याइतकी असते. पाण्याची टाकी फुटली तर पाणी सांडते. हवेची टाकी फुटली तर पत्र्याचे तुकडे सुटतात. दोन्हींत हा फरक आहे.

टाकीचा खरा शत्रू : पाणी

हवेत नेहमी बाष्प असते. ३० अंश सेल्सिअस तापमानाला पावसाळी दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये २४ ग्रॅमच्या आसपास पाणी बाष्परूपाने असते. ही हवा दाबून नवव्या हिश्श्याच्या जागेत कोंबली आणि ती थंड झाली की ती जेमतेम साडेतीन ग्रॅम बाष्प धरू शकते. उरलेले सुमारे २० ग्रॅम पाणी टाकीच्या तळाशी जमते. मिनिटाला १०० लिटर हवा ओढणारे यंत्र तासभर चालले तर ६ घनमीटर हवा आत जाते. म्हणजे एका तासात अर्धा पेला पाणी टाकीत तयार होते. बाहेरून कोणी पाणी ओतलेले नसते, म्हणून ते लक्षातही येत नाही.

हे पाणी तळाचा पत्रा आणि वेल्डिंगचा सांधा गंजवते. गंज आतून लागत असल्याने बाहेरचा रंग चकचकीत राहतो. पत्रा जितका झिजेल तितका त्याच्यावरील ताण वाढतो. जाडी निम्मी झाली तर ताण दुप्पट होतो. चिखलणी आटोपली की यंत्र कोपऱ्यात ढकलले जाते आणि दिवाळीनंतर धान चुरण्याच्या वेळी बाहेर काढले जाते. मधल्या तीन-चार महिन्यांत तळाचे पाणी आपले काम करीत असते. यंत्र वापरात नसतानाच जास्त खराब होते ते असे.

यंत्र घेताना

१) टाकीवर पक्की बसवलेली पाटी असावी. तीवर उत्पादकाचे नाव, क्रमांक, टाकीचे आकारमान आणि कमाल कामाचा दाब वाचता यावा. पाटी नसलेली टाकी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

२) सुरक्षा झडप म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह, प्रेशर स्विच, दाबमापक आणि तळाशी पाणी काढण्याची तोटी हे चारही भाग जागेवर व चालू स्थितीत असावेत. मोटर व पंप यांच्यामधील पट्ट्यावर जाळीचे आवरण असावे.

३) जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर आणि स्वयंपाकाच्या गॅसची जुनी टाकी जोडून घरगुती यंत्र बनवण्याची हौस काही ठिकाणी दिसते. असे यंत्र वापरू नये. त्या टाकीला पाणी काढण्याची तोटी नसते आणि योग्य दाबाची सुरक्षा झडपही नसते.

४) जुने यंत्र घेताना टाकीची पाण्याच्या दाबाने चाचणी करून घ्यावी. या चाचणीत टाकी पाण्याने पूर्ण भरून कामाच्या दाबाच्या साधारण दीडपट दाब देतात. पाणी दाबले जात नसल्याने टाकी कमकुवत निघाली तरी नुसती गळते, उडत नाही. हीच चाचणी हवेने करणे मात्र जिवावर बेतू शकते. चाचणी जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावी.

५) बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा हातातला लहान पंप मोटारसायकल व जीपच्या टायरसाठी ठीक आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरसाठी तो फार लहान पडतो. सलग किती मिनिटे चालवायचा आणि किती वेळ विश्रांती द्यायची हे त्याच्या पुस्तिकेत दिलेले असते, ते पाळावे.

जागा आणि वीज

यंत्र सपाट, कोरड्या व हवेशीर जागी ठेवावे. भिंतीपासून निदान हातभर अंतर असावे, म्हणजे पंप तापत नाही. धान चुरताना यंत्र वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवावे. नाहीतर कोंडा व धूळ त्याच्या हवा ओढण्याच्या जाळीत अडकते. प्रेशर स्विच उघडझाप करताना आत ठिणगी पडते. म्हणून तणसीचा ढीग, पेट्रोल, डिझेल व कीटकनाशकांचे डबे यांच्याजवळ यंत्र चालवू नये. पेट्रोल किंवा डिझेल इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर बंद खोलीत कधीही सुरू करू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि तो माणसाला गुंगवून मारतो.

दोन अश्वशक्तीची एक फेज मोटर चालू असताना साधारण ९ ते १० अँपिअर वीज घेते आणि सुरू होताना काही क्षण त्याच्या कितीतरी पट घेते. बारीक व लांब वायर जोडली की दाब पडतो, मोटर गुरगुरते आणि जळते. काम दूर असेल तर विजेची वायर लांबवण्यापेक्षा हवेची नळी लांब घ्यावी. अर्थिंगची तीन पिनी जोडणीच वापरावी. गळती होताच वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण बसवून घ्यावे. चिखलात उभे राहून, ओल्या हातांनी किंवा पाऊस चालू असताना उघड्यावर यंत्र हाताळू नये.

वीज मध्येच गेली तर आधी बटण बंद करावे. वीज परत आली की यंत्र आपोआप सुरू होते, आणि त्या वेळी पट्ट्याजवळ कोणाचा हात असू शकतो. त्याचप्रमाणे बटण चालू ठेवून घरी जाऊ नये. टाकीतून थोडी जरी गळती असेल तरी दाब उतरला की प्रेशर स्विच मोटर पुन्हा सुरू करतो. रात्रभर असे चालून मोटर तापते आणि आग लागू शकते.

सुरू करण्यापूर्वी

१) तेलाची पातळी खिडकीतून पाहावी. पुस्तिकेत सांगितलेले कॉम्प्रेसरचेच तेल घालावे.

२) तळाची तोटी उघडून राहिलेले पाणी काढावे व तोटी बंद करावी.

३) नळीला चिरा, फुगवटा किंवा तारेने बांधलेला सांधा नाही हे पाहावे. दाबाची नळी निसटली तर ती सापासारखी फटकारे मारते. सांध्याला चांगल्या प्रतीची क्लिप असावी.

४) यंत्र भरू द्यावे. ठरलेल्या दाबाला मोटर आपोआप बंद झालीच पाहिजे. काटा त्या खुणेच्या पुढे जाऊ लागला तर तत्काळ वीज तोडावी आणि दुरुस्तीशिवाय यंत्र वापरू नये.

५) महिन्यातून एकदा, डोळ्यांवर चष्मा लावून, सुरक्षा झडपेची कडी ओढून पाहावी. हवा सुटून कडी सोडताच बंद झाली पाहिजे. ही झडप फुसफुसते म्हणून तिच्यावर खिळा ठोकणे, ती घट्ट पिळणे किंवा तिच्या जागी बूच बसवणे म्हणजे टाकीचा एकमेव राखणदार काढून टाकणे होय.

टायरमध्ये हवा भरताना

टाकीत ११४ पौंड दाब असतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला शेतकामासाठी साधारण १२ ते १६ पौंड आणि पुढच्याला २४ ते ३० पौंडांच्या आसपास हवा लागते. नेमका आकडा आपल्या पुस्तिकेत पाहावा. म्हणजे टाकीतील दाब मागच्या टायरच्या गरजेच्या सात ते नऊ पट आहे. अंदाजाने हवा भरू नये. दाब कमी करणारा रेग्युलेटर आणि मापक वापरावा.

व्हॉल्व्हला आपोआप धरून राहणारे तोंड आणि लांब नळी घ्यावी, म्हणजे हवा भरताना टायरपासून दूर उभे राहता येते. टायरच्या बाजूला, म्हणजे डिस्कसमोर, उभे राहू नये. फुटला तर तो त्याच दिशेने सुटतो. नवीन बसवलेल्या टायरची कड रिमवर नीट बसत नसेल तर ३५ पौंडांच्या वर दाब वाढवू नये. हवा पूर्ण काढून कडेला साबणाचे पाणी लावून पुन्हा प्रयत्न करावा. ट्रॉलीच्या काही चाकांना दोन-तीन तुकड्यांचे रिम आणि कड्या असतात. हवा भरताना कडी निसटली तर ती तोफेच्या गोळ्यासारखी येते. अशी चाके लोखंडी पिंजरा असलेल्या दुकानातच भरून घ्यावीत. टायर चढवलेला असताना रिमला वेल्डिंग करू नये, मग त्यातील हवा काढलेली असो वा नसो.

साफसफाईसाठी वापर

हवेने साफसफाई करताना चष्मा व नाकातोंडावर फडके हवेच. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत साफसफाईसाठी हवेचा दाब ३० पौंडांपेक्षा कमी ठेवण्याचे आणि उडणारे कण अडवण्याची सोय करण्याचे बंधन आहे. आपणही रेग्युलेटर ३० पौंडांच्या खालीच ठेवावा. जास्त दाबाने काम जास्त होते हा समज चुकीचा आहे.

कागदी एअर फिल्टरला आतून बाहेर अशी हवा मारावी आणि नळीचे तोंड कागदाला टेकवू नये, नाहीतर कागद फाटून धूळ थेट इंजिनात जाते. तेलाच्या भांड्याचा एअर क्लीनर असेल तर त्याला हवा मारून उपयोग नाही. तो डिझेलने धुवून तेल बदलावे. रेडिएटरमधील कोंडा पंख्याच्या बाजूने बाहेर ढकलावा आणि इंजिन थंड असतानाच हे काम करावे. फवारणीचे नोझल आधी भरपूर पाण्याने धुवावे, हातमोजे घालावे आणि मगच हवा मारावी. नोझल तोंडाने फुंकण्याची सवय मात्र कायमची सोडावी.

हे कधीही करू नये

अंगावर हवा मारू नये. काम संपल्यावर कपड्यांवरची धूळ झटकायला हवेची नळी अंगावर फिरवणे ही सर्रास दिसणारी सवय आहे. जखमेतून हवा कातडीखाली शिरते, डोळा फुटू शकतो, कानाचा पडदा फाटतो. चेष्टेमस्करीत तर नळी कोणाच्याही अंगाजवळ नेऊ नये. पुण्यातील हडपसर औद्योगिक वसाहतीत डिसेंबर २०२३ मध्ये सोळा वर्षांच्या मुलाच्या गुदद्वारात कॉम्प्रेसरची हवा सोडली गेली आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. आतडे फाटायला क्षणभर पुरतो. घरातील मुलांना व कामावरच्या पोरांना ही गोष्ट आडपडदा न ठेवता स्पष्ट सांगावी.

पीव्हीसी पाइपात हवा सोडू नये. शेतात हा पाइप हाताशी असतो, म्हणून हवेची लाइन त्याचीच टाकण्याचा मोह होतो. तो पाण्यासाठी बनवलेला आहे. हवेच्या दाबाने तडकला तर त्याचे सुऱ्यासारखे तुकडे उडतात. ठिबकच्या नळ्याही हवेने नव्हे, पाण्याने साफ कराव्यात.

ड्रम किंवा पंपाच्या प्लॅस्टिकच्या टाकीत हवा भरू नये. डिझेल लवकर निघावे म्हणून ड्रममध्ये हवा सोडल्यास त्याचा तळ उडतो.

विहिरीत उतरणाऱ्या माणसाला या यंत्राची हवा श्वासासाठी देऊ नये. तीत तेलाचा अंश असतो आणि इंजिनाजवळचा धूरही ओढला जाऊ शकतो. या भरवशावर वायू साचलेल्या विहिरीत उतरणे म्हणजे मृत्यूला बोलावणे आहे.

हवा कातडीखाली गेली, पोटात गेली किंवा डोळ्याला लागली तर जखम लहान दिसली तरी घरी उपचार करीत बसू नये. डोळा चोळू नये, पोट दाबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून रुग्णालय गाठावे आणि दाबाची हवा लागली आहे हे डॉक्टरांना पहिल्यांदाच सांगावे.

काम संपल्यावर

१) बटण बंद करून प्लग काढावा.

२) नळीतून टाकीतील बहुतेक हवा सोडून द्यावी. काटा शून्याच्या थोडा वर असताना तळाची तोटी हळूहळू उघडावी. उरलेल्या दाबाने पाणी बाहेर ढकलले जाते.

३) पाण्याचा रंग पाहावा. तेलकट पांढरट पाणी नेहमीचे आहे. पाणी लालसर येत असेल किंवा गंजाच्या पापुद्र्या पडत असतील तर टाकी आतून सडत आहे. यंत्र वापरणे थांबवून टाकीची चाचणी करून घ्यावी.

४) तोटी उघडीच ठेवावी.

या सर्वाला पाच मिनिटेही लागत नाहीत. गंजून गळू लागलेल्या टाकीला वेल्डिंगचे ठिगळ लावू नये. एका जागी भोक पडले म्हणजे आजूबाजूचा पत्राही कागदासारखा झालेला असतो. अशी टाकी भंगारात देण्यापूर्वी कापून टाकावी, म्हणजे ती दुसऱ्या कोणाच्या दारात उभी राहणार नाही.

यंत्र एका शेतातून दुसऱ्या शेतात नेताना टाकी रिकामी असावी. दोघांनी उचलावे, ट्रॉलीत उभे ठेवून दोराने बांधावे. आडवे केल्यास तेल पंपात चढते.

पावसाळ्यातील साठवण

चिखलणी आटोपल्यावर यंत्र ठेवून देताना पुढील काळजी घ्यावी.

१) टाकी पूर्ण कोरडी करून तळाची तोटी उघडी ठेवावी. यंत्र तोटीच्या बाजूला किंचित उतार देऊन फळ्यांवर किंवा विटांवर ठेवावे. जमिनीची ओल टाकीला लागता कामा नये.

२) युरिया, मीठ व इतर खतांच्या पोत्यांजवळ ठेवू नये. खते ओल धरतात आणि लोखंड खातात. गोठ्यातील मुताच्या वाफेनेही तांब्याच्या तारा व नळ्या खराब होतात.

३) प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळू नये, आत घाम धरतो. जुन्या सुती कापडाने किंवा कोरड्या गोणपाटाने झाकावे.

४) नळी गुंडाळून उंच खुंटीला टांगावी. पडून राहिलेली नळी व वायर उंदीर कुरतडतात. वापरण्यापूर्वी वायर संपूर्ण लांबी तपासावी.

५) हवा ओढण्याची जाळी काढून झटकावी व कापडाने तोंड झाकावे, नाहीतर गांधीलमाशी मातीचे घर करते. यंत्र सुरू करण्यापूर्वी हे कापड आठवणीने काढावे.

६) महिन्यातून एकदा, पाऊस उघडलेल्या दिवशी, यंत्र दहा मिनिटे चालवून पुन्हा पाणी काढून ठेवावे. त्याने पंपाच्या आतील भागांवर तेल फिरते.

बचत गटाचे किंवा भाड्याने दिले जाणारे यंत्र असेल तर त्यासोबत एक वही ठेवावी. कोणी वापरले, पाणी काढले का, झडप केव्हा तपासली आणि तेल केव्हा बदलले एवढ्या चार नोंदी पुरेत. सर्वांचे यंत्र ते कोणाचेच नाही, अशी गत होऊ नये.

कारखान्यांत यंत्रातील दाब सुरक्षित मर्यादेबाहेर जाऊ नये यासाठी १९४८ च्या कारखाने कायद्यातच स्वतंत्र कलम घालण्यात आले होते. आपल्या अंगणातल्या टाकीची तपासणी करायला कोणी निरीक्षक येत नाही. ते काम आपल्यालाच करायचे आहे, आणि त्याला खर्च नाही. आज घरी गेल्यावर कोपऱ्यातील कॉम्प्रेसरच्या दाबमापकाचा काटा पाहा. तो शून्यावर नसेल तर टाकी अजून भरलेली आहे. हवा सोडा, तळाची तोटी उघडा आणि किती पाणी निघते ते एकदा भांड्यात धरून पाहा.